हरणाची रायफल : खांदा आधी, बोअर नंतर

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

हरणाची शिकार म्हटली की आपल्या वर्तमानपत्रांत एक तर काळविटाच्या खटल्याची तारीख येते, नाही तर वनखात्याने पकडलेल्या टोळीची बातमी. ते योग्यच आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आली आणि ती तशीच राहावी, याच मताचे आम्ही आहोत. पण आपला अंक अमेरिकेतही वाचला जातो. इथे विस्कॉन्सिन, मिनेसोटा, पेनसिल्व्हेनिया, टेक्सास या राज्यांत पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार लायसन्सवर, ठरलेल्या हंगामात, कायद्याने चालते. हरणांची संख्या आटोक्यात ठेवण्याचा तो सरकारी मार्गच आहे. ऑफिसातले सहकारी नोव्हेंबरात रजा टाकून रानात जातात, आणि त्यांच्या संगतीने आपली मराठी मुलंमुलीही जाऊ लागली आहेत. कुठली रायफल घ्यायची, हा त्यांचा पहिला प्रश्न. उत्तर बहुधा दुकानदार देतो किंवा व्हिडिओ देतो, आणि दोघांनाही काहीतरी विकायचं असतं. म्हणून हे लांबलेलं पत्र. कात्री लावावी लागली तर जरूर लावा. पुढचा परिच्छेद मात्र तेवढा राहू द्या.

अमेरिकेत एच-१बी, एच-४, एफ-१, एल-१ अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतूस बाळगणं हा केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. ग्रीन कार्डवाल्यांना हा नियम लागू नाही. व्हिसावाल्यांसाठी कायद्यात मोजके अपवाद आहेत, त्यातला कामाचा एकच : अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेलं, मुदत न संपलेलं शिकारीचं लायसन्स. दुकानात बंदूकखरेदीचा ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरताना ते दाखवावं लागतं. लोक चुकतात ते पुढे. लायसन्सची मुदत संपते, रायफल कपाटात तशीच राहते, आणि त्या दिवसापासून ती बाळगणं बेकायदा होतं. लायसन्स नसलेल्या मित्राला ‘जरा एक गोळी मारून बघ’ म्हणून नेमबाजीच्या रेंजवर रायफल हातात देणंही दोघांच्या अंगाशी येऊ शकतं. व्हिसावर असताना असा डाग लागला, तर दंड ही त्यातली सगळ्यात छोटी गोष्ट असते. तेव्हा क्रम असा ठेवावा : आधी शिकारी-सुरक्षेचा कोर्स, मग लायसन्स, मग दुकान. विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला लायसन्ससाठी हा कोर्स सक्तीचाच आहे. शंका असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचारावं, दुकानदाराला नव्हे.

दुसरा कायदा राज्याचा, आणि रायफल कुठली हे निम्मं तोच ठरवतो. ओहायोत बाटलीसारखी मान नसलेल्या, सरळ भिंतीच्या काडतुसाचीच रायफल हरणासाठी चालते. त्यामुळे तिथे बाटलीसारख्या मानेच्या काडतुसाची .३०८ घेऊन गेलात तर ती घरीच ठेवावी लागेल; .३५० लेजंड किंवा .४५० बुशमास्टर हे तिथले पर्याय, आणि खांद्याला धक्का कमी हवा असेल तर त्यातलं पहिलं. पेनसिल्व्हेनियाने वर्षानुवर्षं सेमी-ऑटोमॅटिक रायफलने हरीण मारायला मनाई ठेवली (म्हणजे पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या रायफलीने), म्हणून तिकडच्या जुन्या घरांत रेमिंग्टन कंपनीच्या, हाताने मूठ मागेपुढे सरकवून काडतूस भरायच्या पंप रायफली दिसतात. कोलोरॅडोत किमान .२४ कॅलिबर (म्हणजे बोअर, नळीचा इंचांतला व्यास), किमान ७० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), लागल्यावर फुलणारी गोळी आणि १०० यार्डांवर १००० फूट-पौंड ऊर्जा अशी अट आहे. विस्कॉन्सिन त्या मानाने सैल : .२२ किंवा मोठं सेंटरफायर, म्हणजे बुडाच्या मध्यावर आघात होऊन उडणारं काडतूस चालतं. हे नियम दरवर्षी बदलू शकतात. त्या वर्षीची सरकारी पुस्तिका वाचल्याशिवाय एक डॉलरही खर्च करू नये.

आता रायफल. दुकानात पाऊल ठेवल्यापासून चर्चा सुरू होते ती कॅलिबरवर, आणि आमचा सगळा वाद याच्याशीच आहे. हरीण हातचं जातं, किंवा त्याहून वाईट म्हणजे जखमी होऊन पळतं, ते कॅलिबर लहान पडलं म्हणून क्वचितच. गोळी जिथे लागायला हवी होती तिथे लागली नाही, हेच नेहमीचं कारण. आणि गोळी चुकते ती बहुतेक वेळा रायफल अंगाला बसत नाही म्हणून, किंवा बार उडताना खांद्याला बसणाऱ्या तिच्या धक्क्याची धास्ती बसली म्हणून.

अंगाला बसणं म्हणजे मुख्यतः दस्त्याची (खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाची) लांबी : चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंतचं अंतर. कारखान्याची रायफल साधारण साडेतेरा ते पावणेचौदा इंचांची असते आणि ती पाच फूट दहा इंचांच्या पुरुषाला बेतलेली असते. पाच फूट तीन-चार इंचांच्या माणसाला साडेबारा ते तेरा इंच पुरतात. वर विस्कॉन्सिनच्या नोव्हेंबरातला जाड कोट अर्धा-पाऊण इंच खातो. दुकानात जाताना तो कोट बरोबर न्यावा, लाज वाटू देऊ नये. रायफल रिकामी असल्याची स्वतः खात्री करून, डोळे मिटून ती खांद्याला लावावी आणि मग डोळे उघडावेत. स्कोपमध्ये (रायफलीवरच्या दुर्बिणीत) पूर्ण गोल, स्वच्छ चित्र दिसलं तर ती तुमची. मान पुढे ताणावी लागली, काळी कडा दिसली किंवा दस्ता काखेत अडकला तर नाही. लांब दस्त्याची रायफल माणूस नकळत खांद्याच्या बाहेरच्या बाजूला, दंडावर टेकवतो. मग धक्का हाडावर बसतो आणि तिसऱ्या गोळीपासून भीती सुरू होते. बऱ्याच कंपन्या ‘कॉम्पॅक्ट’ नावाने आखूड दस्ता देतात, काही दस्त्यांत जोडायच्या चकत्या मिळतात. मुलींना आणि बुटक्या माणसांना नवऱ्याची किंवा मित्राची रायफल ‘चालवून घे’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

कुठला डोळा प्रबळ, तेही आधीच पाहावं. दोन्ही हात पुढे ताणून तळव्यांमध्ये छोटी त्रिकोणी फट करावी, दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघावं आणि हात हळूहळू चेहऱ्याकडे आणावेत. फट ज्या डोळ्यावर येईल तो प्रबळ. उजव्या हाताचा पण डाव्या डोळ्याचा माणूस निघाला, तर डाव्या खांद्यावरून शिकणंच बरं, आणि त्यासाठी डाव्या हाताची, बाजूचा दांडा ओढून काडतूस भरायची बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल मिळते.

धक्का आकड्यांतही सांगता येतो. साडेसात पौंडांच्या रायफलीत .२४३ विंचेस्टर सुमारे ९ फूट-पौंड धक्का देते, ६.५ क्रीडमूर सुमारे १२, .३०८ सुमारे १६. जरा जड रायफलीत .३०-०६ अठरा ते वीस, आणि .३०० विंचेस्टर मॅग्नम (जास्त दारूचं, जोरदार काडतूस) साडेआठ पौंडांच्या रायफलीतही पंचवीसच्या वर. विसाच्या पुढे नवशिक्याला दचकण्याची खोड लागते, म्हणजे चाप पूर्ण ओढला जाण्याआधीच डोळा मिटतो आणि खांदा पुढे झेपावतो. ते स्वतःला कळत नाही, कारण बार उडताना रायफल हलतेच. कळण्याचा उपाय सोपा आहे : सोबत्याने आपल्या नकळत मध्येच एखादं नकली काडतूस भरावं. बार उडत नाही आणि नळीचं तोंड मात्र दोन इंच खाली जातं. बघणाऱ्याला ते स्पष्ट दिसतं. मॅग्नम घेऊन आलेल्या नवशिक्यांत हे हमखास दिसतं, आणि हरणासाठी मॅग्नमची गरज कुणालाही नाही. हलक्या रायफलीचाही मोह टाळावा. साडेपाच पौंडांची डोंगरी .३०८ खांद्यावर वाहायला सुखाची आणि उडवायला त्रासाची असते; काडतूस तेच, वजन कमी, म्हणजे धक्का जास्त. स्कोपसकट सात ते आठ पौंड, म्हणजे सुमारे ३.२ ते ३.६ किलो, हे वजन बरं. नळीच्या तोंडाला मझल-ब्रेक (वायू बाजूला सोडणारी भोकांची टोपी) लावला की धक्का कमी होतो, पण आवाज इतका वाढतो की शेजारचा माणूस उठून जातो. रायफलीचा बार तसाही १६० डेसिबलच्या आसपास असतो, कानाला संरक्षण हवंच.

चाप अडीच ते चार पौंडांना सुटावा. सात पौंडांच्या रायफलीला सहा पौंडांचा चाप असेल तर ओढताना नेम हलणारच. उलट दोन पौंडांच्या खालचा चाप शून्याखालच्या थंडीत, बधिर बोटांना धोक्याचा.

एवढं झाल्यावर कॅलिबर. पांढऱ्या शेपटीचा प्रौढ नर साधारण ६५ ते ९० किलोंचा, उत्तरेकडे क्वचित शंभराच्या वर. म्हणजे आपल्या चितळाच्या नराच्याच आकाराचा. त्याचं हृदय-फुप्फुसाचं क्षेत्र आठेक इंचांचं, नाश्त्याच्या ताटलीएवढं. तिथपर्यंत पोचून फुलणारी कुठलीही गोळी पुरते. लक्ष्यावर १००० फूट-पौंड उरावेत हा जुना ठोकताळा आहे, शास्त्र नव्हे, पण नवशिक्याला मर्यादा घालून देतो म्हणून चांगला. रानात विस्कॉन्सिनसारख्या ठिकाणी बहुतेक बार १०० यार्डांच्या आतच होतात.

आमची पहिली शिफारस ७ एमएम-०८ रेमिंग्टन. १४० ग्रेनची, म्हणजे सुमारे नऊ ग्रॅमची गोळी, सेकंदाला २८०० फुटांच्या आसपास वेग, आणि धक्का .३०८ पेक्षा थोडा कमी. दोष एवढाच की खेड्यातल्या दुकानात तिची काडतुसं नसतात. .३०८ विंचेस्टर १९५२ पासून आहे, .३०-०६ तर १९०६ पासून, आणि दोन्हींची काडतुसं किराणा-हार्डवेअरच्या दुकानातही सापडतात. हंगामाच्या आदल्या रात्री खोका घरी विसरला तर याचं मोल कळतं. ६.५ क्रीडमूर २००७ मध्ये लांबच्या नेमबाजीसाठी आली. तिच्याबद्दल जे दंतकथेसारखं बोललं जातं ते सोडून द्यावं, पण तिचा सौम्य धक्का खरा आहे आणि तेवढ्यासाठी ती घ्यावी. .२७० विंचेस्टर उत्तमच. .२४३ लहान खांद्यांना बरी, मात्र ९० ते १०० ग्रेनची हरणासाठीची गोळीच भरावी. त्याच बोअरमध्ये ५५-५८ ग्रेनच्या पातळ कवचाच्या गोळ्या मिळतात, त्या कोल्ह्यासारख्या लहान जनावरांसाठी. हरणाच्या खांद्याच्या हाडावर त्या फुटून जातात आणि जनावर जखमी होऊन पळतं. .२२३ विस्कॉन्सिनमध्ये कायद्याला चालते. नवशिक्याने हरणावर ती वापरू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

.३०-३० ची, चापाजवळची दांडी ओढून काडतूस भरायची लिव्हर रायफल सिनेमामुळे अनेकांच्या मनात असते. १८९५ पासूनचं हे काडतूस दीडशे यार्डांच्या आत अजूनही चोख काम करतं. पण तिचं मॅगझिन नळीखालच्या नळकांड्यात असतं आणि काडतुसं एकामागे एक बसतात. टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर (आघाताने ठिणगी देणाऱ्या बुडातल्या टोपीवर) टेकते, आणि धक्क्याने आतच बार होऊ शकतो. म्हणून चपट्या तोंडाची किंवा मऊ प्लॅस्टिकच्या टोकाची, त्यासाठीच बनवलेली गोळीच घालायची. भारतात इशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ रायफल घरात पाहिलेल्यांनी इथे ते बोअर शोधत बसू नये. इथल्या दुकानात त्याचं काडतूस मिळण्याची आशा नाही.

बोअर कुठलंही असो, नळीवर कोरलेलं नाव आणि काडतुसाच्या बुडावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळलंच पाहिजे. .३०० ब्लॅकआउटचं काडतूस .२२३ च्या रायफलीत बसतं, उडतं आणि रायफल फोडतं. दोन रायफली असलेल्या घरात एका वेळी एकाच बोअरचा खोका टेबलावर असावा.

गोळीचा प्रकार लोक शेवटी बघतात, बघायला हवा आधी. रेंजवर स्वस्तात मिळणाऱ्या पूर्ण धातूच्या कवचाच्या गोळ्या फुलत नाहीत, आरपार बारीक भोक पाडतात, आणि बहुतेक राज्यांत त्या हरणासाठी निषिद्धच आहेत. चूक वेगळीच होते : स्वस्त गोळ्यांवर स्कोप जुळवला जातो (म्हणजे गोळी स्कोपच्या फुलीवर लागेल असा केला जातो) आणि रानात महाग गोळी भरली जाते. वजन आणि वेग बदलला की गोळी शंभर यार्डांवर दोन-तीन इंच इकडेतिकडे सहज जाते. ज्या खोक्यातली गोळी रानात नेणार, त्याच खोक्यातल्या गोळीवर शेवटचं जुळवणं करावं.

मांस घरी लहान मुलं किंवा गरोदर बाई खाणार असेल तर तांब्याची गोळी घ्यावी. शिशाची गोळी फुलताना तिचे बारीक कण जखमेपासून बरेच दूर मांसात जातात आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. २००८ मध्ये नॉर्थ डाकोटा आणि मिनेसोटात गरिबांसाठी दान आलेलं हरणाचं मांस याच कारणाने वाटपातून काढून घेतलं गेलं. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिसं पूर्ण बंद केलं, तेही तिथल्या काँडोर गिधाडांसाठी. गुरांच्या डायक्लोफिनॅक औषधाने आपली गिधाडं कशी गेली हे माहीत असलेल्या मराठी वाचकाला ते वेगळं पटवून द्यायला नको. तांब्याची अडचण अशी की तिला फुलायला वेग लागतो. सेकंदाला २००० फुटांखाली अनेक गोळ्या नीट उघडत नाहीत. त्यामुळे शिशाच्या सवयीपेक्षा एक पायरी हलकी गोळी घ्यावी : .३०८ मध्ये १६५ ग्रेनऐवजी १३० किंवा १५०.

स्कोप तीन-ते-नऊ पटींचा, ४० मिलिमीटर भिंगाचा पुरे; दाट रानात दोन-ते-सात पटींचा त्याहून बरा. तो कायम सगळ्यात कमी पटीवर ठेवून चालावं. नऊ पटीवर असताना हरीण वीस यार्डांवर उभं राहिलं तर दिसते फक्त केसांची भिंत. बसवताना तो कोट घालूनच रायफल खांद्याला लावावी आणि डोळ्यापासून तीन-साडेतीन इंच अंतर ठेवावं. यापेक्षा जवळ आला तर धक्क्याने भुवईवर अर्धचंद्राची जखम करतो. स्क्रूच्या आट्यांवरचं तेल पुसून टाकावं आणि स्कोप धरणाऱ्या कड्यांचे स्क्रू जोर मोजणाऱ्या टॉर्क पान्याने १५ ते १८ इंच-पौंडांना, आडवे-तिडवे पाळीपाळीने आवळावेत. ‘हाताला घट्ट लागले’ हे माप नव्हे. जास्त आवळले तर स्कोपची नळी चेपते, कमी आवळले तर तो बारागणिक सरकतो, आणि मग माणूस रायफलीला दोष देतो.

जुळवणं २५ यार्डांपासून सुरू करावं. रायफल रिकामी करून वाळूच्या पिशव्यांवर ठेवावी, बोल्ट काढावा, मागून नळीतून बघून लक्ष्याचा मध्य नळीच्या मधोमध आणावा आणि रायफल न हलवता स्कोपची फुली त्याच मध्यावर आणावी. पहिली गोळी कागदावर लागण्याची हमी यातूनच मिळते. बहुतेक स्कोपच्या डायलचा एक टिक १०० यार्डांवर गोळी पाव इंच सरकवतो. म्हणजे २५ यार्डांवर तोच टिक इंचाचा सोळावा भाग. दोन इंच खाली लागलं तर १०० यार्डांवर ८ टिक वर, पण २५ यार्डांवर ३२. या गुणाकारात चुकून अर्धा खोका वाया घालवणारे कमी नाहीत. डायलवरचा बाण गोळी कुठे सरकेल ते दाखवतो, फुली कुठे जाईल ते नव्हे. तीन गोळ्या माराव्यात, तिघींचा मध्य धरून फिरवावं, नळी हाताला कोमट लागेपर्यंत थांबावं, मगच पुढच्या तीन. प्रत्येक गोळीनंतर डायल फिरवत बसणारा संध्याकाळपर्यंत बसतो.

.३०८ ची १५० ग्रेनची गोळी १०० यार्डांवर दोन इंच वर लागेल असं ठेवलं, की २०० यार्डांवर ती मध्यावर येते आणि ३०० वर आठ-नऊ इंच खाली जाते. म्हणजे दोनशेपर्यंत काही हिशेब न करता नेम धरता येतो. दोनशेच्या पुढे नवशिक्याने बारच करू नये. त्यानंतर टेबल सोडायचं. मांडी घालून, गुडघ्यावर, काठीच्या टेकूवर आठ इंचांच्या कागदी ताटलीवर पाच गोळ्या माराव्यात. पाचही ज्या अंतरापर्यंत आत लागतात तीच तुमची हद्द, काडतुसाच्या खोक्यावर काहीही छापलेलं असो. या सरावाला किमान तीन-चार खोके लागतात, म्हणून पैशांची वाटणीच तशी करावी : हजार डॉलर असतील तर रायफलीला पाचशे, स्कोप आणि कड्यांना अडीचशे, उरलेले काडतुसांना. रुगर अमेरिकन किंवा सॅव्हेज अ‍ॅक्सिस या स्वस्त रायफलीही शंभर यार्डांवर दीड इंचात गोळ्या घालतात. हरणाला त्याहून जास्त नेमकेपणा लागत नाही.

जुनी रायफल घ्यायची तर नळीच्या तोंडाची कडा बघावी. तिथे खरचटलं असेल तर नेमकेपणा गेलाच. दस्ता काढायला लावून नळीखाली गंज आहे का पाहावं. रिकाम्या रायफलीचा घोडा चढवून सेफ्टी लावावी, चाप जोरात ओढून सोडावा आणि मग सेफ्टी काढावी. त्या क्षणी ‘खट्’ झालं तर ती रायफल तिथेच ठेवून निघावं. रेमिंग्टन ७०० असेल तर अनुक्रमांक टाकून तपासावा : २००६ ते २०१४ दरम्यानच्या एक्स-मार्क प्रो चापाच्या रायफली कंपनीने २०१४ मध्ये दुरुस्तीसाठी परत मागवल्या होत्या.

थंडीचं तंत्र वेगळंच. उणे वीस अंशांत घट्ट तेल गोठतं, बोल्टमधली फायरिंग पिन मंद पडते आणि चाप ओढूनही बार होत नाही. हंगामाआधी बोल्ट सॉल्व्हंटने धुऊन कोरडा करावा, वंगण नावापुरतंच. नळीतलं तेल कोरड्या चिंधीने पुसून काढावं, नाहीतर पहिली गोळी भलतीकडे जाते आणि रानात पहिलीच गोळी महत्त्वाची असते. संध्याकाळी गार रायफल एकदम उबदार घरात आणली की स्कोपवर आणि नळीत दव धरतं. ती रिकामी करून, केसमध्येच बंद ठेवून हळूहळू तापू द्यावी.

शेवटी भारतात सुट्टीला येणाऱ्यांसाठी. रानात नेलेली पाठपिशवी विमानतळावर आणू नये. अस्तराच्या शिवणीत किंवा बाजूच्या खिशात राहिलेलं एक जिवंत काडतूस भारतातल्या विमानतळावर सापडलं, तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो आणि सुट्टी पोलीस ठाण्यात व कोर्टात जाते. आठवण म्हणून उडवलेल्या काडतुसांची रिकामी पितळी टोपणंही आणू नयेत. काडतुसांसाठी वेगळी, भडक रंगाची पिशवी ठेवावी आणि ती रायफलीच्या कपाटातच राहावी.

आपले,
विस्कॉन्सिनमधील दोन मराठी वाचक